विशेषण

कात्रण अजून आहे. आईनं लॅमिनेट करून घेतलंय
बिटको चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून.
कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा राहून गेला,
नखानं दाबला की सरकतो, जात नाही.

‘स्वमग्नतेवर मात : जेलरोडच्या हेरंबची थक्क करणारी स्मरणशक्ती’
खाली चार कॉलमी फोटो.
हेरंब सोफ्यावर, बुशशर्टाचं वरचं बटण लावून,
त्याच्या खांद्यावर आईचा हात
(त्याला चालत नाही. फोटोग्राफरनं ठेवायला लावला),
मागे बाबा, नोटांच्या प्रेसमधून अर्धी रजा टाकून आलेले.

हेरंबला धरणाचे आकडे पाठ.
गंगापूरमधून किती वाजता किती क्युसेक सोडले,
कुठल्या साली दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी,
कुठल्या साली कमरेला.
वार्ताहरानं पाच प्रश्न विचारले, पाचही बरोबर.
सहावा : मोठेपणी कोण होणार?
हेरंब म्हणाला, ‘उंच.’
ते छापलं नाही.

आई छापली ‘माउली’.
तिनं बँकेतली नोकरी सोडली, खरं आहे.
सोडल्यावर आठ दिवस ती कुणाशी बोलली नव्हती.
बाबा छापले ‘खंबीर आधार’.
बाबा रोज सात वाजून दहा मिनिटांनी
त्याच पाटावर, त्याच वाटीत दहीभात खायचे,
भाताला आमटीचा ओघळ लागला तर उठून जायचे.
घरात त्याला शिस्त म्हणत.

आणि शेवटची ओळ :
‘धाकटी सुलोचना भावाची काळजी घेते.’
मी सुलक्षणा. मी थोरली.
आणि त्या वेळी न्हाणीघरात होते,
फ्लॅशचा उजेड दातांत कळ आणतो म्हणून,
बादलीत नळ सोडून,
धार एकसुरी होईपर्यंत आकडे मोजत.
पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, ‘लाजरी आहे हो.’

लाजरी. शहाणी. घुमी. पुढे पुढे शिष्ट.
‘मुलीच्या जातीला इतकं एकलकोंडं बरं नव्हे.’
विशेषणांची मला कधी ददात पडली नाही.
हवं होतं ते मिळालं छत्तिसाव्या वर्षी,
कॉलेज रोडवर, दुसऱ्या मजल्यावर.
डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तुम्ही चारचौघींची नक्कल फार उत्तम करता.’
मी थँक्यू म्हणाले.
रिक्षात बसल्यावर कळलं, ते कौतुक नव्हतं.

बाबांना सांगायला बाबा नव्हते तोवर.

मी आता त्याच पेपरात मुद्रितशोधक. अंबडला, रात्रपाळी.
कानात कापूस असतो. खाली यंत्र सुरू झालं की तो काढते,
जमीन एका ठेक्यात बोलायला लागते.
व्याकरण असं, की हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही :
स्वमग्न मुलगा, स्वमग्न मुलगी,
स्वमग्न बाप, स्वमग्न आत्या.
शब्दाची काही तक्रार नाही.
तेरा वर्षं प्रुफं वाचतेय,
त्याच्यापुढे ‘मुलगा’ सोडून दुसरं नाम आलेलं पाहिलं नाही.
आई येते, पण षष्ठी ओलांडून : स्वमग्न मुलाची आई.

एक एप्रिलची रात्र. उद्या खास पान.
सिन्नरचा मुलगा, कॅसिओवर भूप वाजवतो.
आई ‘रणरागीणी’. वडील ‘भक्कमपणे पाठीशी’.
शेवटून दुसरी ओळ : ‘घरात एक बहीणही आहे.’

मला वाक्यं घालायचा अधिकार नाही. फक्त चुका.
रणरागिणीची वेलांटी सुधारली.
मग बहिणीपाशी काकपद केलं
आणि समासात लाल शाईनं लिहिलं : नाव?

उपसंपादक मोहोळकर म्हणाला, ‘मॅडम, जागा नाही.’
‘तीन अक्षरं बसतील,’ मी म्हटलं, ‘मोजलीत.’
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या खिशातल्या पेनकडे.
मग त्यानं सिन्नरला फोन लावला.
वार्ताहर झोपेतून उठला असावा,
‘विचारलं नाही हो,’ म्हणाला. ‘ती आतच होती.’

साडेअकराला पान गेलं.